टार्गेट? सोमवारचं सांगा!

गेल्या वर्षी एक जानेवारीला मी फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. त्यावर तीन ओळी. एक: मुंबईची हाफ मॅरेथॉन दोन तासांत. दोन: एका तरी मोठ्या मासिकात कव्हर स्टोरी. तीन: वर्षात १,२०,००० रुपये सेव्हिंग. महिन्याला फक्त १०,०००, त्यात काय एवढं!

मास कॉमच्या नोट्सच्या हिशोबाने माझी टार्गेट्स एकदम परफेक्ट होती. १९८१ मध्ये जॉर्ज डोरनने 'स्मार्ट' ध्येयांचा फंडा मांडला: नेमकं हवं, मोजता यायला हवं, मुदत हवी. माझ्याकडे सगळं होतं. नव्हते ते फक्त पैसे.

ऑगस्टमध्ये आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन अचानक ठरलं. मेडिक्लेम काढायचा राहूनच गेला होता. माझ्या खात्यात होते १४,०००. फ्रीलान्सरचं पेमेंट म्हणजे पुण्यातला पाऊस, येणार हे नक्की, पण कधी ते विचारू नका. शेवटी धाकट्या भावाला फोन केला. त्याने लगेच ४०,००० पाठवले आणि अगदी सहज विचारलं, "ताई, तुझा तो लाखाचा प्लॅन होता ना गं?"

टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागला.

आई घरी आल्यावर फ्रिजवरचा कागद काढला आणि नीट वाचला. तिन्ही ओळींमध्ये शेवट लिहिला होता, सुरुवात कुठेच नव्हती. कव्हर स्टोरी एडिटरच्या हातात, पेमेंट अकाउंट्सवाल्यांच्या हातात. माझ्या हातात काय?

तेव्हा अभिनव बिंद्रा आठवला. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तो फायनलमध्ये पोचूनही सातवा आला. २००८ मध्ये बीजिंगला शेवटचा शॉट १०.८ चा मारला आणि भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं. शेजारच्या लेनमधला किती मारणार, हे नेमबाजाच्या हातात नसतंच. त्याच्या हातात असतो तो पुढचा शॉट.

मग नवा कागद लिहिला. दर सोमवारी दोन स्टोरी आयडिया मेल करायच्या, उत्तर येवो न येवो. आठवड्यातून चार सकाळी तळजाईवर पळायचं, वेळ न बघता. आणि पेमेंट आलं की त्याच दिवशी, जीन्स-बिन्स बघायच्या आधी, २० टक्के दुसऱ्या खात्यात. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही! टक्केवारीची गंमत अशी, की कमी पैसे आले तरी नियम मोडत नाही. १०,००० चा आकडा मात्र पहिल्याच कोरड्या महिन्यात मोडला होता.

या जानेवारीत मुंबईला पळाले. २१.०९७ किलोमीटर, २ तास २४ मिनिटं. मरीन ड्राइव्हला एक आजोबा मला मागे टाकून गेले, हसत हसत! कव्हर स्टोरी अजून नाही, पण सोमवारच्या मेल्समधून दोन नवी कामं मिळाली. भावाचे ४०,००० फिटले. आणि त्या खात्यात आज आहेत १७,०००.

म्हणजे जवळपास होते तिथेच, असं तुम्ही म्हणाल. कबूल. फ्रीलान्सरकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा म्हणतात, माझा तर एका महिन्याचाही नाही. पण हे १७,००० कर्ज फेडून उरलेले आहेत, आणि आईचा मेडिक्लेम काढण्यासाठी फॉर्म भरून झालाय.

तर मंडळी, तुमच्या फ्रिजवरचा कागद काढा. त्यावर 'डिसेंबरपर्यंत' असेल, तर खाली एक ओळ जोडा: या सोमवारी मी काय करणार?

माझ्या दोन मेल्स जायच्यात अजून. चला, पळते!