कोपराला वेळ हवा, सुई नव्हे

पोलीस भरतीची चाहूल लागली की खामगाव, चिखली, मेहकरकडची पोरे भल्या पहाटे मैदान गाठतात. धावणे होते, जोर-बैठका होतात आणि मग गोळाफेक. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा. दंड कमवायचे म्हणून कालपर्यंत डंबेल्सला हात न लावलेला पोरगा आठवड्याभरात व्यायामशाळेतली सगळी वजने उचलून पाहतो. पुढे कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ सुरू होते. चहाची कपबशीसुद्धा धड उचलवत नाही. अशा वेळी सल्ला देणारा भेटतोच, ‘एक इंजेक्शन घेऊन टाक, मोकळा होशील!’

आराम पडतो, हे खोटे नाही. प्रश्न पुढच्या वर्षाचा आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये १६५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचे दुखणे वर्षाच्या आत उलटले. नुसत्या नावाची सुई टोचलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते!

असे का व्हावे? मनगट मागे वळवणारे स्नायू कोपराच्या हाडाला ज्या दोरीने बांधलेले असतात, तिला कंडरा म्हणतात. अतिताणाने तिचे धागे विस्कटतात. जुनाट दुखण्यात दाह फारसा उरलेलाच नसतो. मग दाह शमवणारे औषध दुरुस्त तरी काय करणार? दंड काही आठवड्यांत फुगतो, कंडरेला मात्र महिने लागतात.

सचिन तेंडुलकरचेच पाहा. २००४ साली त्याचा डावा कोपर दुखावला. त्या ऑक्टोबरात तो नागपूर कसोटीत परतला, पण दुखणे हटले नाही. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि २५ ऑक्टोबरला पुन्हा नागपुरातच त्याने श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढल्या. मधले पाच महिने सचिनलाही चुकले नाहीत. आपण मात्र पोराला पंधरा दिवसही द्यायला तयार नसतो.

शस्त्रक्रियेची पाळी फार थोड्यांवर येते. हात गळ्यात बांधून बसणे हाही इलाज नव्हे. बिनकामाची कंडरा आणखी दुबळी होते. हात टेबलावर टेकवून, तळवा खाली ठेवून, अर्ध्या लिटरची भरलेली बाटली मुठीत धरावी. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावे आणि आधार सोडून सावकाश खाली आणावे. किंचित दुखले तर चालेल, दुसऱ्या दिवशी ठणकता कामा नये. वजन हळूहळू वाढवावे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतले तर उत्तमच. हळदीच्या लेपाशी माझे वैर नाही, पण त्याने कंडरा सांधत नाही. करंगळीला मुंग्या येणे, सांधा अडकणे किंवा सुजणे असे काही असेल, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञच गाठावा.

(कपडे पिळून, कणीक मळून हेच दुखणे काढणाऱ्या घरच्या बाईला कोण विचारतो, हा वेगळाच लेख होईल.)

माझा रोख भरतीचे वर्ग चालवणाऱ्यांवर आहे. फी घेताना मुलाची उंची-छाती मोजता, मग त्याचे मनगट किती वजन पेलते हेही पाहा. जाहिरात निघाल्यावर थेट ७.२६ किलोचा गोळा हाती देण्यापेक्षा आधी चार किलोचा द्या, आणि तोही चार-सहा महिने अगोदर.