कावळा शिवायच्या आधी



या खेपेच्या टपालात बीड जिल्ह्यातल्या एका बाईंचं पत्र आहे. त्या लिहितात, "दसरा झाला की आम्ही दोघं कोयता घेऊन टोळीबरोबर कारखान्याला जाणार. मागं घरी सासूबाई आणि ११ वर्षांची लेक. परत यायला पाडवा उजाडतो. पोरगी अंगानं भरायला लागलीय. मी नसताना तिला झालं तर? आणि आत्ताच सांगावं, तर एवढ्याशा पोरीला सांगू तरी काय?"

बाई, आत्ताच सांगा. गाडी दारात लागायच्या आधी सांगा.

मला कुणी सांगितलं नव्हतं. बारावं सरत आलं होतं आणि मी भुईमूग काढायला रानात गेले होते. परकर भिजलेला पाहिला आणि वाटलं, पोटात काहीतरी फाटलं. परकर कडब्याच्या गंजीत दडवला. संध्याकाळी आजीच्या ध्यानात आलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कावळा शिवला. लांब बस." मी पडवीत बसून विचार करत राहिले, हा कावळा मला शिवला तरी कधी? पुढं कितीतरी दिवस कावळा दिसला की मी डोक्यावर हात धरून घरात पळायची. आज हसू येतं. पण त्या रात्री आपण मरणार अशी माझी खात्री होती, आणि जवळ निजायला कुणी नव्हतं.

आपलं वागणंही नवलाचंच. म्हैस माजावर येऊन ओरडायला लागली की सगळ्या घराला कळतं. पोरंसुद्धा जनावरांच्या डॉक्टरला बोलवायला धावतात. लेकीची गोष्ट निघाली की मात्र तोंडाला कुलूप. अहो, शेतकऱ्याच्या पोरीनं गाय व्यालेली डोळ्यांनी पाहिलेली असते. तुम्हाला वाटते तेवढी ती अजाण नाही. फक्त जनावराचा माज निराळा आणि बाईची पाळी निराळी, एवढं तिला स्पष्ट सांगा. पुष्कळजणी दोन्ही एकच समजतात.

वेळ जवळ आल्याची खूण सोपी आहे. छातीला गाठ धरली की साधारण २ ते अडीच वर्षांत पाळी येते. अंगावरून थोडं पांढरं जाऊ लागलं की ६ महिने ते वर्षभरात. बहुतेकींना १२व्या-१३व्या वर्षी येते, कुणाला १०व्या, तर कुणाला १५व्या. म्हणजे तुमची लेक या हंगामातच बसेल असं नाही, पण बसू शकते.

सांगताना समोर बसवून व्याख्यान देऊ नका. तिची वेणी घालताना सांगा. तिची पाठ तुमच्याकडे असते, तोंड दिसत नाही, दोघींचाही संकोच निम्मा होतो. म्हणावं, "पोरी, बेंबीच्या खाली पोटात मुठीएवढी पिशवी असते. पुढं मोठेपणी तिच्यात मूल वाढतं. त्यासाठी दर महिन्याला ती आतून रक्ताचं मऊ अस्तर धरते. मूल राहिलं नाही की ते अस्तर सुटून खाली येतं. पाहुणा येईल म्हणून अंथरूण घातलं, तो आला नाही, काढून ठेवलं, तसंच हे. २ ते ७ दिवस चालतं. ही जखम नाही, रोग नाही, तुझी काही चूक नाही. मला येते, आजीला यायची, तुझ्या शाळेतल्या बाईंनाही येते." रक्त पाहून ती भिणार. तिला सांगा, दिसायला पुष्कळ दिसतं, पण चार-पाच दिवसांचं सगळं मिळून सहा-आठ चमचेच भरतं, चहाचे चमचे. पहिली दोन वर्षं पाळी मागंपुढं होते, मधे एखादा महिना चुकतो, हेही आधीच सांगून ठेवा.

मग एक पिशवी भरा. जुन्या सुती लुगड्याचे स्वच्छ धुतलेले तुकडे, २ जादा चड्ड्या, साबणाची वडी, पॅडचा एक पुडा. पॅड कसं लावायचं ते तिच्या हातानं करवून घ्या. एक तिच्या दप्तरात राहू द्या. शाळेतल्या बाईंना भेटून या. तुम्ही सहा महिने लांब, त्या रोज जवळ.

घरी कापड आणि शाळेला पॅड, असं मला बरं वाटतं. दोन्ही ४ ते ६ तासांनी बदलायचं. कापड आधी गार पाण्यात धुवायचं, ऊन पाण्यानं डाग बसतो. मग साबण, आणि मग उघडं कडक ऊन. गादीखाली नाही, न्हाणीच्या कोपऱ्यात नाही, वर दुसरं लुगडं टाकून तर मुळीच नाही. ओलसर कापडानं खाज सुटते, चट्टे उठतात. पॅड उकिरड्यावर टाकू नये. त्यातलं प्लॅस्टिक कुजत नाही, शेणखताबरोबर आपल्याच रानात जातं. कागदात गुंडाळून घंटागाडीत द्यावं. गाडी येत नसेल तर विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात पुरावं. हा काही चांगला तोड नव्हे, म्हणून तर घरी कापड म्हटलं.

आता सासूबाई. त्यांच्याशी विटाळावर वाद घालत बसू नका, गाडीची वेळ होईल. मला विचाराल तर मी विटाळ मानत नाही. चोखोबांच्या सोयराबाईंनी १४व्या शतकातच अभंगातून विचारलं होतं, की विटाळातूनच देह घडतो, मग विटाळ लावता कुणाला? पण म्हातारीचा देव्हारा तिच्यापाशी राहू द्या. तिच्याकडून तीनच शब्द घ्या: पोरीला लांब एकटी निजवायचं नाही, रोज अंघोळ घालायची, शाळा बुडवायची नाही. "आत्याबाई, तुमच्या भरवशावर सोडून जातेय," म्हणा. बहुतेक आज्या एवढ्यावर विरघळतात.

आणखी एक गोष्ट मालकांसमोर बोला. पाळी आली की भावकी म्हणू लागते, "पोर शहाणी झाली, आता स्थळ बघा." आईबाप फडावर, मग जबाबदारी कशाला? असं म्हणून कित्येकींची शाळा सुटली आहे. कायद्यानं १८ पुरी झाल्याशिवाय लग्न नाही, २००६ चा कायदा तेच सांगतो. आणि कालवड पहिल्या माजावर आली म्हणून जाणता शेतकरी तिला लगेच भरवतो का? तिचं वजन भरू देतो. पाळी आलेल्या पोरीची हाडंसुद्धा अजून वाढतच असतात.

खाण्याचं थोडक्यात सांगते. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. पालेभाजी, मटकी, अळीव असू द्या, वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ती टाकून देऊ नकोस, म्हणावं. पोट दुखलं तर गरम पाण्याच्या बाटलीनं शेक पुरतो. पण तासा-दोन तासाला कापड भिजत असेल, आठ दिवसांवर जात असेल, चक्कर येत असेल, किंवा १५ पुरी होऊनही पाळी आली नसेल, तर आशाताईंना सांगून दवाखाना गाठावा. हे सासूबाईंच्याही कानावर घाला.

फडावरून फोन कराल तेव्हा आजूबाजूला माणसं असणार, तिच्याही आणि तुमच्याही. म्हणून दोघींनी एक खूण ठरवा. "आई, पिशवी उघडली," एवढंच तिनं म्हणायचं. ते ऐकलंत की मोळी तिथंच खाली ठेवा आणि घटकाभर तिच्याशी बोला.