चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर

बँकेत रुजू झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकलो. लेजरमध्ये चूक झाली तर आकडा खरवडायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. मूळ चूक दिसली पाहिजे आणि ती कोणी सुधारली तेही दिसले पाहिजे. हा नियम मी नोकरीभर पाळला. माणसांशी वागताना मात्र विसरलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चावरून वाद पेटला आणि मी खजिनदारांना भर सभेत ‘चोर’ म्हणालो. दोन दिवसांनी पावत्या तपासल्या. हिशेब पैशापैशाने जुळत होता. एकच बिल मी दोनदा धरले होते!

संध्याकाळी त्यांना जिन्यात गाठून म्हणालो, “माझ्या बोलण्याने तुमचे मन दुखावले असेल तर माफ करा.” ते शांतपणे म्हणाले, “साहेब, शिवी सभेत दिलीत आणि माफी जिन्यात?”

रात्रभर झोप लागली नाही. ‘दुखावले असेल तर’ म्हणजे काय? जणू चूक माझ्या जिभेची नव्हती, त्यांच्या हळव्या मनाची होती. आपण बहुतेक जण अशीच माफी मागतो. अपमान चारचौघांत आणि दिलगिरी कानात. संक्रांतीचा तिळगूळ, जैन बांधवांचे संवत्सरीचे ‘मिच्छामि दुक्कडम्’, हे सण आपल्याला दार उघडून देतात. पण उंबरा ओलांडून आपण नेमके काय बोललो होतो, हे आपल्यालाच सांगावे लागते.

आणि ते वेळेत सांगावे लागते. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावर दोघे मित्र दुरावले. १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाले आणि ‘केसरी’शी त्याचे कडवे वाद झडले. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहून मित्राची थोरवी सांगितली. पण तो वाचायला आगरकर नव्हते.

पुढच्या वर्षीच्या सभेत पहिला विषय होता, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मी उभा राहिलो. “गेल्या वर्षी मी यांना चोर म्हणालो. ते खोटे होते. चूक माझ्या बेरजेत होती. मी सर्वांसमक्ष माफी मागतो, आणि हे इतिवृत्तात लिहून घ्यावे.”

खजिनदार काहीच बोलले नाहीत. ‘असू द्या’ही म्हणाले नाहीत. मला ते लागले. पण मग वाटले, क्षमा ही काही वसूल करायची बाकी नव्हे. माफी मागणे माझे काम होते, क्षमा करायची की नाही हा त्यांचा अधिकार.

आता ते जिन्यात भेटले की मान हलवतात. पूर्वी थांबून गप्पा मारत. तेवढी शिल्लक कमी झाली, ती झालीच. पण त्या पानावर रेघ आहे आणि शेजारी माझी सही आहे. आज रविवार आहे, घरची माणसे घरात आहेत. आपण कोणाच्या पानावर सही करायची राहिलो आहोत, एवढे आठवून पाहा.