मालक आणि फौज

बाभुळगावच्या कापूस व्यापाऱ्याचा नातू ‘डायब्लो २’ खेळत असेल, तर आजोबांनी क्षणभर शेजारी बसावे. २००० साली आलेल्या या खेळातील नेक्रोमॅन्सर स्वतः फारसा लढत नाही. तो सांगाड्यांची फौज उभारतो. प्रत्येक पातळीवर मिळणारा एक कौशल्यगुण दहा विद्यांत विखुरणारा फसतो. जाणता खेळाडू सांगाडे उभारण्यात २० आणि त्यांना बळकट करण्यात २० गुण घालतो. शत्रूला दुबळे करणाऱ्या शापास एकच पुरतो. सोबतच्या पाच शरीरगुणांतून चिलखत पेलण्यापुरती ताकद राखून बाकीचे तो स्वतःच्या जीवनशक्तीत गुंतवतो. कारण तो पडला, की सारी फौज कोसळते. दुकानात माणसे वाढवताना स्वतःच्या प्रकृतीचे खाते कोरे ठेवणाऱ्या मालकाने हे ध्यानी घ्यावे.