जाळी कोणत्या वाटेने?

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व बंध सैल होऊन गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनीमार्गात उतरतो, ज्याला बायका ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात, त्या भ्रंशाच्या विकारावर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी योनीमार्गातूनच बसवावी, या मताचा मुख्य आधार हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा दाखला हा होता. जी ऊती एकदा सैल झाली तीच पुन्हा शिवण्यात काय हशील, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु हर्नियाची जाळी निर्जंतुक केलेल्या त्वचेखाली जाड थरांआड राहते, तर योनीची भिंत पातळ, सतत ताणली जाणारी आणि जंतूंचा नित्य वावर असलेली असते, हा भेद त्या दाखल्यात गाळला जातो.

समर्थक २०११ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक देशांतील चाचणीकडे बोट दाखवतात. मूत्राशयाच्या बाजूच्या भ्रंशात वर्षअखेरीस जाळीच्या गटात सुमारे ६१, तर नुसत्या टाक्यांच्या गटात सुमारे ३५ टक्के यश तिने नोंदवले होते. आकडे खरे आहेत, अवधी तोकडा आहे. ब्रिटनमधील ‘प्रॉस्पेक्ट’ चाचणीत (२०१७) दोन वर्षांनंतर रुग्णांच्या त्रासात जाळीमुळे काहीच फरक दिसला नाही, उलट दहांतील एकीहून अधिक स्त्रियांना जाळीमुळेच गुंतागुंत झाली. ही गुंतागुंत म्हणजे बहुधा जाळीची कड भिंतीतून वर येणे, रक्तस्राव होणे, संबंधाच्या वेळी पतीलाही ती टोचणे. आणि जाळीच्या छिद्रांतून ऊती वाढलेली असल्यामुळे ती काढताना मूत्राशयापासून तुकड्यातुकड्याने सोडवावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली या जाळ्यांची विक्री थांबवली, कारण टाक्यांपेक्षा त्या सरस असल्याचे सिद्ध झाले नव्हते. हा पुरावा २००२ साली, पहिली परवानगी देतानाच मागायला हवा होता.

तथापि जाळी मुळातच विषारी, हा प्रतिपक्षही ग्राह्य नाही. पोटाच्या बाजूने शिरून योनीचा वरचा भाग माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जाळीने टांगण्याची शस्त्रक्रिया त्या बंदीत आली नाही. तीही निर्धोक नाही, कारण सात वर्षांत जाळी उघडी पडण्याचे प्रमाण एका अमेरिकन अभ्यासात सुमारे साडेदहा टक्के आढळले. पण गर्भाशय काढल्यानंतर पुन्हा उद्भवलेल्या भ्रंशात तिचा आधार टिकाऊ ठरतो. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ पुरंदरे यांनी तर तरुण स्त्रियांचे गर्भाशय राखण्यासाठी प्रथम रुग्णाच्याच पोटाच्या भिंतीतील आवरणाची पट्टी वापरली होती आणि कृत्रिम फीत नंतर आली, तेव्हा स्वतःची ऊती सर्वत्र निरुपयोगी असते, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते.

म्हणून साध्या भ्रंशात आधी पेसरी, म्हणजे आत बसवायची आधाराची कडी, आणि मग टाके, हा क्रम सयुक्तिक ठरतो; जाळीचा निर्णय झालाच, तर ती पुढे काढावी लागल्यास पूर्ण निघेलच असे नाही, हे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णेला तिच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.