सॉफ्टवेअर मोफत, पण वेबसाइट जुनी. कारंजातल्या विद्यार्थ्याचे त्यात काय अडते?

कारंजा लाड : कॉलेजचा प्रकल्प अहवाल असो की नोकरीचा अर्ज, फाइल अनेकदा ‘डॉकएक्स’मध्ये मागितली जाते. एमएस ऑफिसचे पैसे भरणे सगळ्यांना परवडत नाही, म्हणून मोफत पर्याय शोधले जातात. कारंजा किंवा मानोऱ्यासारख्या गावात विचारायला जाणकार मिळेलच असे नाही. मग सॉफ्टवेअरची वेबसाइट सांगेल तेच खरे. म्हणूनच ती अद्ययावत असणे महत्त्वाचे.

ओपन सोर्स म्हणजे काय?

ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो, ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर. व्हीएलसी, फायरफॉक्स, लिबरऑफिस ही त्याची उदाहरणे. यामागे बऱ्याचदा स्वयंसेवक असतात. कोड लिहायला लोक पुढे येतात. वेबसाइटवरची जुनी माहिती बदलायला मात्र सहसा कुणाला वेळ नसतो.

जुन्या पत्त्यावर गेले तर काय होते?

ओपनऑफिस २००० मध्ये सुरू झाले. २०१० मध्ये त्यातले अनेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबरऑफिस उभे केले. ओपनऑफिसची ४.१ ही आवृत्ती २०१४ मध्ये आली. त्यानंतर तिथे छोट्या दुरुस्त्याच येत राहिल्या. लिबरऑफिस मात्र वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या देते.

अडचण अशी, की जुने नाव लोकांच्या तोंडी बसले आहे. ओपनऑफिसमध्ये डॉकएक्स फाइल उघडते, पण त्या प्रकारात सेव्ह होत नाही. म्हणजे विद्यार्थी अहवाल टाइप करतो आणि शेवटच्या क्षणी अडकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये लिबरऑफिसमागच्या ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ने खुले पत्र लिहून, नव्या पर्यायाची माहिती वापरकर्त्यांना द्या, अशी विनंती ओपनऑफिसला केली होती.

वेबसाइटच उघडली नाही तर?

भारताने हे अनुभवले आहे. २०२२ च्या सुरुवातीपासून व्हीएलसीची अधिकृत वेबसाइट देशातल्या अनेक नेटवर्कवर उघडत नव्हती. ऑक्टोबरमध्ये प्रकल्पाने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. अधिकृत दार बंद झाले की लोक भलत्याच साइटवरून फाइल उतरवतात आणि तिथे व्हायरसचा धोका असतो.

नव्या माणसाचे स्वागत कसे होते?

चांगल्या वेबसाइटवर तीन गोष्टी चटकन सापडतात : सॉफ्टवेअर काय करते, ताजी आवृत्ती कोणती आणि मदत करायची असेल तर सुरुवात कुठून करायची. मोझिलाने यासाठी ‘तुम्ही काय करू शकता?’ असे विचारत आवडीनुसार काम सुचवणारे पान केले. लिबरऑफिसनेही तीच वाट धरली. नवख्या प्रोग्रॅमरसाठी तिथे ‘इझी हॅक्स’ नावाची सोप्या कामांची यादी आहे.

कारंजातून हातभार लावता येईल?

हो, आणि त्यासाठी कोडिंग यायलाच हवे असे नाही. लिबरऑफिसचे भाषांतर ‘वेबलेट’वर, म्हणजे ब्राउझरमध्येच होते. मराठी नीट येणारा कुणीही खाते उघडून वाक्ये सुचवू शकतो. बंद पडलेली लिंक किंवा जुना स्क्रीनशॉट कळवणे हेही योगदानच. ही कामे झाली नाहीत, तर मराठी वाचकाला इंग्रजी मजकूर किंवा कालबाह्य सूचना दिसत राहतात. केलेले काम सार्वजनिक नोंदीत राहते. अमरावती किंवा पुण्यात मुलाखतीला गेल्यावर विद्यार्थ्याला ते दाखवता येते.

डाउनलोड करण्याआधी हे पाहा

• शोधात सर्वात वर दिसणारी ‘जाहिरात’ टाळा. प्रकल्पाच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा.
• शेवटची आवृत्ती कधी आली, ती तारीख बघा.
• पैसे किंवा कार्डचा नंबर मागितला तर थांबा. वर दिलेली तिन्ही सॉफ्टवेअर त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर मोफत मिळतात.
• माहिती जुनी दिसली तर प्रकल्पाला कळवा.