स्किल लॅबची किल्ली कोणाकडे?

1 मे 2025 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अध्यापकांची हजेरी मोबाइलवर, चेहरा दाखवून आणि जीपीएस लावून घ्यायला सुरुवात केली. मास्तर आवारात आहे की नाही, हे आता दिल्लीला कळते. आवारात तो शिकवतो काय, हे विचारायची सोय त्या ॲपमध्ये नाही.

आमच्या कचेरीत येणाऱ्या पत्रांत सध्या एकच रड आहे: स्किल लॅबला कुलूप. 2020 च्या किमान निकषांनी 150 जागांच्या महाविद्यालयाला 600 चौरस मीटरची लॅब, डीब्रीफिंगची जागा, व्हिडिओची सोय असलेल्या खोल्या, सगळे सांगितले. टेप लावून ते बांधलेही गेले. पण मॅनिकिन चढला डेडस्टॉक रजिस्टरला. ज्यांच्या नावावर तो आहे ते वसुलीच्या धास्तीने कपाट उघडत नाहीत. सॉफ्टवेअरचे नूतनीकरण खरेदी समितीच्या फायलीत, टेक्निकल ऑफिसरचे पद रिकामे. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी प्लास्टिक निघते, फोटो होतात, प्लास्टिक परत चढते. आणि लॉगबुकात सीपीआरपुढे सही तयार!

जिथे लॅब उघडी आहे तिथे तरी आपण काय दिवे लावतो? साठ स्लाइडांत एक व्हिडिओ घुसवला की ‘इंटरॅक्टिव्ह’ झाले, असे मानणारे विभागप्रमुख कमी नाहीत. विद्यार्थ्याने निर्णय घ्यावा, तो चुकावा आणि चुकीचा परिणाम त्याला पडद्यावर दिसावा, एवढे घडत नसेल तर तो सिनेमाच. त्यातून अमेरिकन पॅकेज घेतले तर सर्पदंशाला रॅटलस्नेक. आपल्या कॅज्युअल्टीत जमिनीवर झोपलेला शेतमजूर पहाटे पोटदुखी घेऊन येतो, दंशाची खूण सापडत नाही, पापण्या जडावू लागतात. मण्यार कोणाच्या डोक्यातही येत नाही आणि इंटर्न पँटोप्राझोल टोचून मोकळा होतो. छोटाउदेपूर-नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या पोरांचे हेच: हाडे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, आणि रवानगी.

तेव्हा मंडळी, परिपत्रकाची वाट पाहू नका. प्रत्येक विभागाने या सत्रात अशी एक इंटरॅक्टिव्ह केस तयार करावी. रुग्णाची लेखी संमती घ्या, ओळख झाका, हिस्टरी त्याच्याच गुजराती-मराठी बोलीत राहू द्या. अँटीव्हेनम आत्ता की थांबून? किती व्हायल? श्वास मंदावला तर? तिथे विद्यार्थ्याला अडवा. साध्या मोबाइलवर चालेल इतकी फाइल हलकी ठेवा आणि आमच्याकडे पाठवा. बाकीच्या महाविद्यालयांत ती पोचवायचे काम आमचे.

अधिष्ठात्यांना मागणे एकच. किल्ली रात्री आठपर्यंत लॅबमध्येच राहील असा लेखी आदेश काढा, आणि वापरून मॅनिकिन फाटला तर वसुली होणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा.